दुर्बीण विकू नकोस

स्कॉटलंड
सप्टेंबरअखेर

चि. बंडू,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आईची तब्येत आता बरी आहे, छोटी भिंत धरून चालायला लागली, हे वाचून जीवात जीव आला. बाकीच्या गोष्टींना सावकाश उत्तर देईन. आधी शेवटच्या परिच्छेदाबद्दल बोलते, कारण तो वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. दुर्बीण विकायचा विचार करतोयस. विकू नकोस.

तुझी कारणं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. जूनमध्ये आकाश बंद होतं ते सप्टेंबर सरेपर्यंत उघडत नाही. उघडलं की नेमका पौर्णिमेच्या आगेमागचा आठवडा असतो. चंद्र सरला की ऑफिसचं काम डोक्यावर येतं. आणि या सगळ्यातून गाळून एखादी चांगली रात्र उरलीच, तर त्या रात्री अंगात जागण्याचं त्राण नसतं. हे दुखणं तुझ्या एकट्याचं नाही. पोटापाण्यासाठी दुसरं काही करणाऱ्या आणि आकाशावर जीव असलेल्या प्रत्येकाचं हेच आहे, जगाच्या कुठल्याही टोकाला.

इथलं सांगते. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्याशिवाय पुरता काळोख होत नाही, हे तुला माहीत आहेच. तुमच्याकडे तो जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून सूर्यास्तानंतर सव्वा तासात सगळे तारे हजर. इथे ५६ अंश अक्षांशावर तो तिरका घसरत जातो. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो १८ अंश खाली जातच नाही, मध्यरात्रीसुद्धा उत्तरेकडे उजेड असतो. म्हणजे तुझा पावसाळा आणि माझा हा उजेड जवळजवळ बरोबरच येतात. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, रात्रच रात्र असते, पण तेव्हा अटलांटिकवरून एकामागून एक ढगांचे पट्टे येत राहतात. वृश्चिक-धनूमधला आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग संध्याकाळी वर यायला लागतो आणि पाऊस सुरू होतो, असं तू हळहळून लिहिलंयस. इथे तो भाग दक्षिण क्षितिजाला घासून जातो. वृश्चिकेतला ज्येष्ठा तारा जेमतेम आठ अंश वर येतो. अगस्त्य तर उगवतच नाही. तुला निदान ऑक्टोबरात, अंधार पडताच नैर्ऋत्येला, धनू तरी सापडते.

तरीही मी पाहते, आणि मनापासून पाहते. कसं, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

आपल्यासारख्यांचं निरीक्षण सुटतं ते बहुधा मोठ्या रात्रीची वाट पाहण्यात. ढग नको, चंद्र नको, शहराचा उजेड नको, दुसऱ्या दिवशी सुट्टी हवी, दुर्बिणीचा आरसा हवेइतका गार व्हायला अर्धा-पाऊण तास हवा, मग डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं. एवढं सगळं एकाच रात्री जमून येणं किती दुर्मिळ! मध्ये महिने जातात, आकाशाची ओळख पुसट होते, आणि ती रात्र खरंच आली तर पहिला तास कुठे काय आहे हे आठवण्यातच जातो. दुर्बिणीवर धूळ बसते ती अशीच.

म्हणून तू रूपविकारी तारे धर. ज्यांची तेजस्विता कमीजास्त होत राहते ते. शेजारच्या, ठरलेल्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद) दोन ताऱ्यांशी तुलना करायची, मधला आकडा अंदाजाने ठरवायचा, वेळ टिपायची, झालं. दहा मिनिटांचं काम आहे आणि तेजस्वी ताऱ्यांसाठी साधी ७ × ५०ची द्विनेत्री पुरते. आरसा गार होण्याची वाट नाही, तिपाई नाही. चौथ्या प्रतीच्या ताऱ्याला पौर्णिमेचा चंद्र फारसं काही करत नाही, शहरातल्या गच्चीवरूनही द्विनेत्रीतून तो दिसतो. पातळ, एकसारखी धुरकट हवा असेल तरी चालतं, कारण आपला तारा आणि तुलनेचे तारे सारखेच मंद होतात. ढग तुकड्यातुकड्यांचे असतील तेव्हा मात्र आकडा लिहू नकोस. एका ताऱ्यावर ढगाची किनार आणि दुसरा मोकळा, अशी नोंद फसवी असते.

आणि हे वेळ घालवणं नाही, हे तुला पटावं म्हणून राधागोबिंद चंद्र यांच्याबद्दल लिहिते. तेव्हाच्या बंगालमधलं जेसोर, आता ते बांगलादेशात आहे. सरकारी खजिन्यात कारकुनी. रोज पैशांचा हिशेब आणि रात्री आकाश. हवा दमट, पावसाळा तुझ्यासारखाच लांबलचक. १९१२ मध्ये त्यांनी तीन इंची दुर्बीण घेतली. पुढे रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकेतली संघटना, जी १९११ मध्ये सुरू झाली आणि आजही चालू आहे, तिला ते नोंदी पाठवू लागले. त्या लोकांनी त्यांचं काम पाहून त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी ३७,००० हून अधिक नोंदी केल्या. बंडू, नोकरी न सोडता आणि कुठल्याही वेधशाळेच्या आधाराशिवाय केलेलं हे काम आहे. सलग मोठ्या रात्री त्यांच्याही वाट्याला फार आल्या नसणार. ढगांत फट मिळाली की एक तारा, दुसरी फट मिळाली की दुसरा, असंच हे साठत गेलं असणार. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. आपल्याकडे त्यांचं नाव शाळेत सांगत नाहीत, याचं वाईटही वाटतं.

इथल्या ढगांबद्दल तक्रार करावीशी वाटली की मी जॉर्ज अल्कॉक यांची आठवण काढते. इंग्लंडमधले शाळामास्तर. १९५३ मध्ये धूमकेतू शोधायला लागले आणि पहिला सापडला १९५९ मध्ये. मग पाचच दिवसांनी दुसरा! हजारो ताऱ्यांच्या जागा त्यांना पाठ होत्या, म्हणून नकाशा उघडण्यात वेळ जायचा नाही आणि एखादा परका ठिपका लगेच डोळ्यात भरायचा. १९८३ मध्ये घरात बसून, बंद खिडकीच्या काचेतून, द्विनेत्रीने पाहताना त्यांना आणखी एक धूमकेतू सापडला. आयरास-अराकी-अल्कॉक या नावाने तो नोंदला गेला आणि पृथ्वीपासून पन्नास लाख किलोमीटरच्याही आतून गेला.

आता कामाचं. वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा सेफेई आपण दोघांनी मिळून धरावा असं मला वाटतं. शर्मिष्ठेच्या शेजारीच बघ. ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास तो उत्तरेला पुरेसा वर, जवळजवळ ५० अंशांवर असेल. माझ्याकडे तो थेट डोक्यावर येतो आणि कधीच मावळत नाही. ३.५ आणि ४.४ या प्रतींमध्ये तो सव्वापाच दिवसांहून थोड्या जास्त काळात, म्हणजे ५.३७ दिवसांत, एक फेरी पुरी करतो. चढतो भराभर, साधारण दीड दिवसात. उतरायला चार दिवस घेतो. तुलनेला त्याच समूहातले झीटा, ३.४ प्रतीचा, आणि एप्सिलॉन, ४.२ प्रतीचा, हे दोघे अगदी खेटून आहेत. तिघांचा छोटा त्रिकोण होतो, एकदा ओळखला की विसरणार नाहीस. याचं बदलणं १७८४ मध्ये जॉन गुडरिक या विशीतल्या मुलाने शोधलं. त्याला ऐकू येत नव्हतं. यॉर्कमध्ये शेजारी राहणारा एडवर्ड पिगट त्याचा निरीक्षणातला जोडीदार होता, दोघे एकमेकांच्या नोंदी ताडून पाहत.

माझ्या डोक्यात तीच कल्पना आहे. तुझे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा इथे दुपारचे साडेचार असतात. माझे नऊ म्हणजे तुझी मध्यरात्र उलटून दीड. तू झोपल्यावर मी पाहीन. तुझं आकाश ऑक्टोबरपासून महिनोन् महिने मोकळं असतं, माझं नेमकं त्याच काळात ढगाळ. माझ्या वहीत आठवडाभराची पोकळी पडली तर ती तुझ्या नोंदींनी भरेल. जूनमध्ये तू अडकलास तर इथल्या उजेडातही हा तारा मला दिसतोच. ताऱ्याच्या तेजाचा एकट्याने काढलेला आलेख फाटका राहतो, दोन ठिकाणांहून काढलेला पुरा होण्याची शक्यता खूप जास्त.

दोन-तीन गोष्टी सुरुवातीपासून पाळ. वेळ जागतिक वेळेत लिही, म्हणजे तुझ्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. नाहीतर दोन वह्या जुळवताना डोकं फिरेल. आदला आकडा पाहून नवा ठरवू नकोस, मन नकळत त्याच्याकडे झुकतं. आणि पुढे लाल तारे घेशील तेव्हा त्यांच्याकडे टक लावू नकोस. टक लावली की लाल तारा आहे त्याहून तेजस्वी वाटायला लागतो. ओझरती नजर टाकून हटायचं.

लाल ताऱ्यांवरून आठवलं, दुर्बीण ठेवण्याचं खरं कारण तेच आहे. तिमिंगल तारकासमूहातला मायरा साधारण ३३२ दिवसांच्या एका फेरीत नुसत्या डोळ्यांना दिसण्यापासून नवव्या प्रतीपर्यंत उतरतो आणि पुन्हा चढतो. उतरणीच्या सुरुवातीला द्विनेत्री पुरेल, पण तळाशी गेल्यावर शहरातून तो फक्त तुझ्या सहा इंचीतूनच सापडेल. आणि मृगातला काक्षी? २०१९च्या अखेरीपासून तो असा मंदावला की २०२०च्या फेब्रुवारीत १.६ प्रतीपर्यंत गेला. नुसत्या डोळ्यांनी कळत होतं. असं पुन्हा झालं तर आपण दोघांनी ते पाहिलेलं असायला हवं.

छोटी झोपल्यावर गच्चीत जा, दहा मिनिटांत परत ये. घरात कुणाची तक्रार येणार नाही. थकला असशील त्या दिवशी जाऊ नकोस, आकडा चुकीचा लिहिण्यापेक्षा न लिहिलेला बरा. ढग असतील तर तेवढंच टिपून ठेव.

पहिली नोंद मला लगेच कळवू नकोस, मीही माझी कळवणार नाही. ऑक्टोबर संपल्यावर दोघांच्या वह्यांचे फोटो एकाच दिवशी पाठवू आणि मग एका कागदावर मांडू.

आईला माझा नमस्कार, गुडघ्याचे व्यायाम सोडू नकोस म्हणून सांग तिला. छोटीला गोड पापा.

तुझी,
ताई