लायब्ररीतल्या आजी, तुमचे आभार राहिलेत

प्रिय आजी,

तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये, इंग्लिशमधलं थँक्यू कार्ड वेगळं पाठवलंय. पण त्यात दोन ओळींच्या पुढे माझं गाडं काही गेलं नाही, म्हणून उरलेलं इथे लिहितेय. आमच्या लोकांनाही कळू दे की आयोवातल्या एका एवढ्याशा गावच्या लायब्ररीत अशी एक बाई बसते.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. माझा नवरा अमेरिकन, सासूबाईंकडचे लोक क्वेकर, म्हणजे ख्रिस्ती धर्मातलाच एक पंथ. त्या काळी त्यांच्यात पाद्री नाही, भजनं नाहीत, सगळे गप्प बसून प्रार्थना करायचे. मूळचे नॉर्थ कॅरोलायनाचे, गुलामगिरीच्या राज्यात राहायचं नाही म्हणून आधी इंडियानाला गेले आणि तिथून आयोवात सेलमला, हे गाव १८३५ मध्ये क्वेकर लोकांनीच वसवलेलं. त्यांच्यातल्या दोन बहिणी. धाकटीने मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती पंथातल्या मुलाशी लग्न केलं आणि क्वेकर मीटिंगने, म्हणजे त्यांच्या गावातल्या मंडळीने, तिचं नाव कमी केलं. आपल्याकडे वाळीत टाकायचे तसं कडक नव्हतं, प्रार्थनेला येऊन बसायची बंदी नव्हती, पण आपल्यातली म्हणून धरायचे नाहीत. क्वेकर माणूस गाव सोडताना जुन्या मीटिंगचं सर्टिफिकेट घेऊन निघायचा, आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखं, ते नवीन गावात दाखवलं की तिथले सामावून घ्यायचे. हिच्याकडे ते पण नाही. १८५२ मध्ये नवरा, तान्हं बाळ आणि बैलांची वॅगन घेऊन ही ऑरेगॉनला निघाली, दोन हजार मैल.

तिची पत्रं सासूबाईंच्या ट्रंकेत होती आणि सासूबाईंना आता डोळ्यांनी जवळपास दिसत नाही. त्यांना एवढंच हवं होतं की मरायच्या आधी ती मावशी कुठे गेली, तिचं काय झालं हे कळावं. मावशी म्हणजे कितव्या पिढीतली देव जाणे, पण त्या मावशीच म्हणतात.

तर आधी एका माणसाला पैसे देऊन वंशावळ करून घेतली. रंगीत, फ्रेम करायच्या लायकीची. त्यात एका बाईला आठव्या वर्षी मूल झालेलं आणि आमच्या मावशीच्या नावापुढे 'निपुत्रिक' लिहून गडी मोकळा! का, तर मीटिंगच्या रजिस्टरात तिचं नाव पुढे नाही. पत्रं दाखवली तर म्हणे वाचण्यासारखी नाहीत. एका ऑफिसातून सांगितलं की जुनी जनगणना आगीत गेली. अहो, गेली ती १८९० ची, १९२१ च्या आगीत, आम्ही विचारतोय १८५० च्या दशकाचं. समोरची बाई आमच्याकडे न बघता बोलत होती ते मला जास्त लागलं.

आणि मग तुम्ही. तुम्ही आधी सासूबाईंना खुर्ची दिलीत, मग ट्रंकेकडे बघितलंत.

ती पत्रं खरंच अवघड होती, मान्य. पान भरलं की तेच पान आडवं धरून आधीच्या ओळींवरून परत लिहायचं, कागद वाचतो आणि टपालाचं वजनही. बघताना नुसती जाळी दिसते. तुम्ही पान फिरवायचात, एक कोरा कागद खाली खाली सरकवत एकेक ओळ उकलायचात. तेवढं करून टाइप करून ईमेल केलं असतंत तरी आम्ही खूश होतो.

पण तुम्ही संध्याकाळी सासूबाईंच्या लँडलाइनवर फोन केलात आणि म्हणालात की हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा तिच्या शब्दांत ऐका. आणि वाचायला लागलात. मी शेजारीच होते, स्पीकर लावला होता. प्लॅट नदीच्या काठाने जाताना कॉलरा लागला, त्या वर्षी त्या वाटेवर फार माणसं गेली, बाळही गेलं. जनावरांनी उकरू नये म्हणून पुरलं त्या जागेवरून वॅगनी नेल्या, खूण काही ठेवली नाही. इथे तुम्ही थांबलात. "थांबू का?" विचारलंत. सासूबाई काही बोलेनात, तुम्हीही घाई केली नाहीत, फोन तसाच चालू, आणि मग त्या म्हणाल्या, परत वाचा. तुम्ही तेच वाक्य परत वाचलंत, त्याच आवाजात. आजी, त्या एका थांबण्यासाठी हे पत्र आहे.

पुढच्या पत्रात ती मोठ्या बहिणीचे आभार मानते, की तू माझ्या बाळाचं नाव तुमच्या बायबलात लिहिलंस. मीटिंगने हिला सोडलं होतं, थोरलीने नाही! तुम्हीच विचारलंत, ते बायबल आहे का घरात? होतं. बायबलातल्या जुन्या आणि नव्या कराराच्या मधे जन्म-मृत्यू लिहायची पानं असतात, तिथे कडेला बारीक अक्षरात ते नाव सापडलं. नाव इथे देत नाही, घरातलं आहे. सासूबाईंनी त्यावर बोट ठेवून बराच वेळ काढला, दिसत नव्हतं तरी.

मी काही धार्मिक वगैरे नाही, पण धर्म पाळणारी माणसं कशी वागू शकतात ते त्या थोरलीत दिसलं आणि तुमच्यात दिसलं. तुम्ही कुठल्या चर्चला जाता हेही मी विचारलं नाही. ना पगार, ना ओळखपाळख, आणि एका परक्या म्हातारीचा जीव सांभाळून वाचायचं. हे कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत, आणि मोठमोठ्या फिया घेणाऱ्यांना तर नाहीच जमत.

आता एक अडचण आहे. ट्रंकेत अजून पत्रं उरलीत. त्यातलं एक मी वाचून दाखवायला बसले तर सासूबाई म्हणाल्या, तू फार भरभर वाचतेस, त्या लायब्ररीवाल्या बाईंना विचार कधी फुरसत आहे. तर आजी, गुरुवारी संध्याकाळी जमेल का? चहा घेऊन आम्ही फोनपाशी बसतो.

तुमची,
सेलमवाल्यांची मराठी सून