जन्मठेप, पण कोणती?

महोदय,

अल्पवयीनांना जन्मठेप द्यावी का, या वादात सुटकेची शक्यता असलेली की नसलेली, हे कुणी विचारतच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे कलम ३७ मनाई करते ती दुसरीला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हत्येखेरीज इतर गुन्ह्यांसाठी ती बंद केली, २०१२ मध्ये हत्येसाठीही सक्तीने लादणे थांबवले. सरसकट बंदी मात्र नाही.

सुटकेची शक्यता ठेवली, तरी खरी मेख कैद्याला सोडावे का हे ठरवणाऱ्या आढाव्यात आहे. तो चाळीस वर्षांनी झाला, कैद्याला वकील नसला, शिक्षण-वर्तनाच्या नोंदीच ठेवल्या नसल्या, तर आढावा घेणारे मंडळ जुने आरोपपत्रच वाचते आणि अर्ज फेटाळते. पहिला आढावा पंधरा वर्षांच्या आत हवा, नोंदी पहिल्या दिवसापासून. पीडित कुटुंबालाही तारीख आधी कळवावी. हे हमखास विसरले जाते.

– एक वाचक