आत्महत्येला एकच रकाना पुरत नाही

मा. संपादक,
स.न.

‘कर्जाला कंटाळून’, ‘नापास झाल्याने’ अशा मथळ्यांत आत्महत्येची बातमी सुरू होते आणि तिथेच संपते. पंचनाम्यात एक कारण लिहावे लागते, हे मान्य. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या आणि त्यांतील सुमारे ३२ टक्क्यांसमोर ‘कौटुंबिक समस्या’ असे लिहिले. व्यसनाचा रकाना वेगळा आहे; जणू दारू आणि घरातले भांडण एका छताखाली राहतच नाहीत!

विदर्भात एकाच शिवारातल्या अनेकांवर कर्ज असते, नापिकीही सगळ्यांनाच भोगावी लागते. तरी त्यांतला एखादाच टोकाला जातो, तेव्हा कर्जाच्या जोडीला नैराश्याचा आजार, दारू, सावकारासमोर झालेला अपमान आणि बोलायला कोणी नसणे यांपैकी काय काय होते, हे विचारावे लागते. नागपुरात रूम करून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाचेही तसेच आहे. एका निकालापेक्षा ‘आता काहीच बदलणार नाही’ आणि ‘मी घरच्यांवर ओझे झालो’ या दोन भावना अधिक घातक असतात.

जागतिक आरोग्य संघटना सर्वांत मोठा धोका मानते तो पूर्वी केलेल्या प्रयत्नाचा, आणि आपण लपवतो तेही नेमके हेच. पोलिसांचे लचांड नको म्हणून नातेवाईक ‘चुकून झाले’ असे सांगतात, रुग्ण वाचतो, सुट्टी होते आणि मानसोपचारतज्ज्ञाची भेट राहूनच जाते. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारे जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ उरलेलेच नाही. ही माहिती वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना कोण सांगणार?

माझी आपल्याला विनंती एवढीच की, अशा बातमीत पद्धतीचे वर्णन नसावे, मथळ्यात एकच कारण ठोकून दिलेले नसावे आणि बातमीखाली ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा, मराठीतही बोलता येणारा मोफत क्रमांक न चुकता छापावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, महाल, नागपूर