बापूस पत्र: बॅटरी घेण्याआधी हे वाच

शहादा,
आखाजीनंतरचा (अक्षय्य तृतीयेनंतरचा) सोमवार

प्रिय बापू,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. तुझ्या गाडीतले दिवे आधी मंदावतात, पंखा रखडत फिरतो, पाण्याचा पंप चालू केला की सगळं अंधारतं, आणि तुझा वायरमन म्हणतो बॅटरी बदला. चार दिवस थांब. बॅटरी घेऊ नकोस. फेब्रुवारीत मी हेच करून बसलो. साडेचौदा हजार मोजले, आणि तरी होळीनंतर तोरणमाळला आमच्या गाडीत अंधार झालाच.

तुला ठाऊकच आहे, ही ट्रॅव्हलर व्हॅन मी आईसाठी आतून राहण्यासारखी बांधून घेतली. तिचे गुडघे धरलेत, लॉजचे जिने तिला चढवत नाहीत, आणि इन्सुलिन सुटत नाही. म्हणून गाडीतच पलंग, गाडीतच संडास, आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रीज. बाकी काही बंद पडलं तर चालतं. फ्रीज बंद पडून चालत नाही.

सातपायरीचा घाट चढून यशवंत तलावाजवळ गाडी लावली तेव्हा दिवस मावळत होता. आठाच्या सुमारास फ्रीजने टक् केलं, कॉम्प्रेसर घुरघुरला आणि थांबला. मिनिटभराने पुन्हा टक्, पुन्हा घुरघुर, पुन्हा बंद. बॅटरीला मल्टिमीटर लावला तर १२.६ व्होल्ट. इंजिन सुरू केलं, १४.१ झाले, तरी दिवे मंदच. बॅटरीला चौदा मिळतात आणि दिव्याला मिळत नाहीत, म्हणजे मधे वाटेतच कुठेतरी वीज मुरते आहे. ही खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. पण मन त्या औषधाच्या बाटल्यांत अडकलेलं. सगळे फ्यूज काढले, पुसले, पुन्हा बसवले, आणि तेवढ्यावर रात्र काढली.

वर गारवा होता म्हणून निभावलं. सकाळी शेजारच्या पावरा घरातल्या बाईंनी एक मडकं दिलं. बाटल्या पिशवीत बांधून त्यात ठेवल्या, मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं. म्हसावदला उतरेपर्यंत गाडीत झळा शिरायला लागल्या होत्या. आई मडकं मांडीवर घेऊन वाटभर फडक्यावर पाणी शिंपडत होती, एक शब्द न बोलता. ते मला विसरता येत नाही. म्हणूनच सगळं सविस्तर लिहितो आहे.

शहाद्याला एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, ट्रॅक्टरची कामं करतात. त्यांनी बॅटरीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "भाऊ, करंट कथाईन जास ते सर्वा देखतस. परत कथाईन येस ते कोनी देखत नही." म्हणजे वीज कुठून जाते ते सगळे बघतात, परत कुठून येते ते कोणी बघत नाही. मग हेडलाइटचे ५५ वॅटचे तीन बल्ब एकत्र बांधून त्यांनी फ्यूज बॉक्सला जोडले. तीन बल्ब म्हणजे साधारण १३ अँपिअर. ते पेटवून ठेवले आणि मगच मीटर हातात घेतला.

बापू, सगळी मेख इथे आहे. तुमच्या केळीच्या बागेतलं ठिबक आठव. मेन लाइन गाळाने चोंदलेली असली तरी पुढचा व्हॉल्व्ह बंद असताना गेजवर दाब पुरा दिसतो. पाणी सोडलं की काटा खाली येतो. विजेचंही तसंच. प्रवाह वाहत नसेल तर गंजलेल्या सांध्यापलीकडेही १२.६ दिसणारच. म्हणून भार, म्हणजे वीज खाणारं काहीतरी, चालू ठेवल्याशिवाय घेतलेलं कुठलंही माप मनावर घेऊ नकोस.

बल्ब पेटलेले असताना आमच्याकडे निघालेले आकडे असे. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.४, म्हणजे बॅटरी ठणठणीत. फ्यूज बॉक्सवर १०.३. दोन व्होल्टच्या वर वाटेत गायब, आणि साडेदहाच्या आसपास आलं की फ्रीज स्वतःला बंद करून घेतो. मग त्यांनी मीटरची एक टोचणी बॅटरीच्या प्लसवर ठेवली, दुसरी फ्यूज बॉक्सच्या प्लसवर. ०.१ व्होल्ट. जाणारी वाट साफ. तसंच मायनस ते मायनस लावलं, आणि मीटरवर पूर्ण दोन व्होल्ट. परतीच्या वाटेतच खोट होती. तेरा अँपिअर आणि दोन व्होल्ट म्हणजे पंचवीस वॅटच्या वर, अख्ख्या सोल्डरिंग आयर्नची उष्णता एका सांध्यात जळत होती. परतीची वीज चेसिसमधून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून, बॅटरीकडे येत होती. गाडीखाली सरकून मी त्या चेसिसवरच्या अर्थच्या बोल्टला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

बोल्ट काढल्यावर दिसलं ते असं. गाडी बांधणाऱ्याने थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाचं धातूचं कडं, थेट रंगावर कसलं होतं. दातेरी वॉशर नव्हता. जो काही संपर्क होता तो बोल्टच्या आट्यांतून, आणि एका पावसाळ्यात तिथे गंज धरला. घाटाच्या धक्क्यांनी उरलंसुरलं सैल झालं. ज्याने बांधली त्याच्यावर माझा राग आहे, आणि तो जाणार नाही. पाच रुपयांचा वॉशर आणि दोन मिनिटं पॉलिश पेपर, एवढंच काम होतं ते.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. चेसिसचा रंग पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवं तांब्याचं थिंबल प्रेसने क्रिम्प केलं (पक्कडीने चेपलेलं पुन्हा सैल होतं), दातेरी वॉशर घालून कसलं आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडली. शिवाय बॅटरीच्या मायनसपासून फ्यूज बॉक्सपर्यंत जाड केबल वेगळी ओढली, म्हणजे फ्यूज बॉक्सचा परतीचा प्रवाह चेसिसच्या भरवशावर राहिला नाही. पुन्हा बल्ब पेटवून मापलं तर मायनसच्या बाजूला ०.०५. बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत दोन्ही बाजू मिळून ०.३ ते ०.४ व्होल्टपेक्षा जास्त पडू देऊ नये, असा हिशेब धर.

तू मापशील तेव्हा आधी बोटातली अंगठी काढ. केबल सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडणार नाही. प्लसच्या केबलवर बॅटरीपासून वीतभर अंतरात मेन फ्यूज आहे का बघ. नसेल तर बाकी सगळं सोडून तो आधी बसव. कारण ती केबल कुठे घासून उघडी पडली तर तिच्यातला प्रवाह तोडणारं दुसरं काहीच नाही, आणि आग गाडीच्या आतच लागेल. बॅटरी पाण्याची असेल तर चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून तिची पेटी आतून बंद आणि बाहेरच्या बाजूला हवा खेळती हवी. आपल्याकडच्या उन्हात पाणीही भराभर उडतं. वैशाखात मी दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून बघतो आणि डिस्टिल्ड वॉटरच घालतो.

आता समजा तुझ्या बॅटरीच्या टर्मिनलवरच भाराखाली व्होल्टेज झपकन अकराच्या खाली गेलं. मग मात्र बॅटरी एक तर रिकामी आहे किंवा मेलेली. रात्रभर चार्ज कर, काही तास नुसती ठेव, मग माप. शिशाच्या बॅटरीला १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. भरलेली दिसूनही भार टाकताच कोसळली तर बदल, मी अडवणार नाही. लिथियमला हे आकडे लागू नाहीत. तिचं व्होल्टेज बराच वेळ १३.२ च्या आसपास रेंगाळतं, आणि आतल्या संरक्षण सर्किटने उष्णतेमुळे किंवा जास्त भारामुळे वीज तोडली की सगळं एका क्षणात शून्य होतं. तुझ्याकडे दिवे हळूहळू मंदावतात, त्यामुळे मला सांध्याचाच संशय आहे. एकदम काळोख झाला असता तर फ्यूज, ब्रेकर आणि ते सर्किट आधी तपास म्हटलं असतं.

आणखी एक, कारण परवा आखाजीला आईला माहेरी यावलकडे नेलं तेव्हा तेही घडलं. मामांच्या मळ्यात बाहेरच्या विजेची वायर लावली, चार्जरचा दिवाच लागेना. मला वाटलं पुन्हा काहीतरी जळालं. प्लगमध्ये मीटर घातला तर १६५ व्होल्ट. आजूबाजूच्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी चालू होत्या. मोटारी थांबल्यावर २२० च्या वर आलं आणि चार्जर आपोआप सुरू झाला. गाडीत काही खोट नव्हती. तेव्हा बाहेरची वीज लावलीस तर आधी तिथलं व्होल्टेज माप, नंतर गाडीला दोष दे. मळ्यातल्या प्लगला अर्थिंग खरंच आहे का हेही तिथल्या वायरमनकडून बघून घे. गाडी रबराच्या टायरवर उभी असते. अर्थिंग तुटलेलं असताना बॉडीत वीज उतरली तर खालच्या मातीवर उभा राहून दार उघडणाऱ्यालाच धक्का बसेल. आमच्याकडे ते दार आई उघडते. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) बसवलाय आणि दर मुक्कामी त्याचं टेस्टचं बटण दाबतो.

यावलला तीन दिवस राहिलो. बाहेर ४३ अंश, आणि फ्रीज एकदाही अडखळला नाही. आई झोक्यावर बसली, पोरींबरोबर गौराईची गाणी म्हणाली, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खाल्ला (साखर मोजून, तेवढं मी बघितलं). रात्री मी उठून फ्रीजला कान लावायचो, ती म्हणायची झोप रे आता.

तू मला तीन आकडे पाठव. भार चालू असताना बॅटरीवर किती, प्लस ते प्लस किती, मायनस ते मायनस किती. तेवढ्यावरून कुठला बोल्ट उघडायचा ते सांगतो. मीटर साधा असला तरी पुरे, फक्त टोचणी थिंबलवर नको, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच टेकव. नाही तर त्या दोघांमधला सांधाच मापातून निसटेल. बल्ब मिळाले नाहीत तर पंप, पंखे, दिवे सगळं एकदम चालू कर.

जमलं तर गाडी घेऊन इकडेच ये. आपण दोघे तिच्याखाली शिरू. आईने तुझ्यासाठी कुरडया बांधून ठेवल्यात, आणि ते मडकंही अजून गाडीतच आहे. तोरणमाळला परत द्यायला जायचंय, तेव्हा बरोबर चल.

तुझा,
नाना