सुभेदार काका, आभार मानायचे राहून गेले होते

काका, साष्टांग नमस्कार.

समोर बसलं की तुम्ही आभाराचा शब्द काढू देत नाही. "चहा घे आणि घरी जा" म्हणता. म्हणून लिहून काढतोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. टेरिटोरियल आर्मीतली (आपली नोकरी-शेती सांभाळून वर्षातले काही दिवस वर्दी घालणारी) माझ्यासारखी पोरं लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे 'पूर्ण फिट नाही' असा शेरा, घेऊन गावोगावी घरी बसलेली आहेत, आणि प्रत्येकाच्या गल्लीत आर्मी मेडिकल कोअरमधून रिटायर झालेला सुभेदार असतोच असं नाही.

दोन वर्षांपूर्वी कॅम्पमध्ये संध्याकाळच्या गेम्स परेडला कबड्डी खेळताना माझा उजवा गुडघा फिरला. कट्कन आवाज झाला, तो अजून कानात आहे. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक लिगामेंट, तुटल्याचं निघालं, ऑपरेशन झालं आणि तब्येत तपासणाऱ्या सैन्याच्या मेडिकल बोर्डाने कागदावर लिहिलं : ए-३, टी-२४. ज्यांना ही भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सैन्यात माणसाची तब्येत 'शेप' या शब्दाच्या पाच इंग्रजी अक्षरांत मांडतात. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे बाकीचं शरीर, ई म्हणजे डोळे. पाचही ठिकाणी एक असेल तर माणूस शेप-वन, पूर्ण फिट. माझा 'ए' एकवरून तीनवर गेला. टी म्हणजे तात्पुरती आणि २४ म्हणजे आठवडे. तेवढे आठवडे संपायच्या आत पुन्हा बोर्डापुढे उभं राहायचं.

बोर्डाच्या तारखेचं युनिटचं पत्र आलं तेव्हा मी ते ट्रंकेत युनिफॉर्मखाली सारून दिलं. हे मी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. मनाशी म्हणायचो, अनफिट माणसाला कशाला बोलावतात, बरा झालो की आपणच जाईन. पण खरं कारण वेगळं होतं. युनिटमधली पोरं पाच किलोमीटर पळत असताना आपण काखेत फाइल धरून व्हरांड्यात बसायचं, याची मला लाज वाटायची.

तुम्ही त्या दिवशी सहज आला होता. गुडघ्याकडे बघून एवढंच विचारलंत, "किती आठवडे झाले रे?" मला सांगता येईना. तुम्ही उठलात, भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं मागे उलटलीत आणि एकेका सोमवारावर बोट ठेवत मोजायला लागलात. एकवीस. मग खुर्चीत बसून शांतपणे म्हणालात, "फिट माणूस वर्षातून एकदा मेडिकलला उभा राहतो. तुला जास्त वेळा राहावं लागणार. तारीख चुकली की कागदावर तू धड आजारी नाहीस आणि धड बराही नाहीस. मग युनिटने तुझं करायचं काय?" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी ट्रंक उघडली.

पुढचे पंधरा दिवस तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, ते सख्खा काका तरी करतो का? माझं ऑपरेशन झालं त्या खासगी दवाखान्याने एका पानाचं डिस्चार्ज कार्ड हातात ठेवलं होतं. ऑपरेशन नोट्स नाहीत, एमआरआयची फिल्म नाही. "एका पानावर बोर्डाचा डॉक्टर काय बघणार?" म्हणत तुम्ही माझ्याबरोबर तीन खेपा घातल्यात. दोनदा आम्हाला परत पाठवलं. तिसऱ्यांदा तुम्ही रेकॉर्डरूमबाहेरच्या बाकावर पेपर उघडून बसलात आणि म्हणालात, "मिळेपर्यंत बसू, घाई नाही." दुपारी दोनला कागद मिळाले. घरी आल्यावर तुम्ही स्वतः फाइल लावलीत. मागच्या बोर्डाचं प्रोसिडिंग, म्हणजे निकालाचा कागद, सगळ्यात वर, मग इंज्युरी रिपोर्ट, मग दवाखान्याचे कागद तारखेप्रमाणे, शेवटी फिल्म. दोन झेरॉक्स संच वेगळे. टाचणी नको, पंच करून दोरा, कारण टाचणी गंजते आणि कागद सुटतात. पन्नाशीतल्या त्या बोटांनी दोऱ्याची गाठ मारताना मी बघत होतो. मिलिटरी हॉस्पिटलांत तुम्ही किती जवानांच्या फाइली अशा लावल्या असतील, ते तेव्हा कळलं.

आणि कारखान्यातली रजा. मी ज्या फाउंड्रीत काम करतो तिथे सुपरवायझरचं म्हणणं होतं की कॅम्पला जाणं समजतं, पण घरी बसलेल्या अनफिट माणसाला मिलिटरीचं काय काम? टेरिटोरियल आर्मीचा कायदा १९४८ चा. ट्रेनिंगला किंवा सेवेला गेलेल्या माणसाला परत कामावर घ्यायची जबाबदारी त्यात मालकावर टाकलेली आहे. बोर्डाच्या दिवसाचं त्यात काय, हा वाद तुम्ही घातलाच नाहीत. युनिटचं पत्र टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "साहेब, हा पोरगा गरज पडली तर देशाच्या कामाला लागणारा आहे. तो लागेल की नाही, हे ठरवायला बोलावलंय. तीन दिवस द्या." त्यांनी दिले. लोकांना टीए, म्हणजे टेरिटोरियल आर्मी, म्हटलं की तिथे मानद हुद्दा मिळालेला क्रिकेटर धोनी आठवतो. मशीनवर काम करणारा, शेतात राबणारा, वर्षातले काही दिवस वर्दी घालणारा माणूस आठवत नाही. तुम्ही त्या केबिनमध्ये माझी ओळख करून दिलीत, असं मला वाटलं.

बोर्डासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने पहाटे पुण्याला उतरलो. वानवडीला रिक्षातून जाताना तुम्ही बाहेर बोट दाखवून एवढंच म्हणालात, "इथे आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे. १९४४ पासून." तिथून कृत्रिम पाय लावून बाहेर पडलेले जवान तुम्ही पाहिलेत. त्यांच्याबद्दल तुम्ही मला काही ऐकवलं नाहीत, माझ्या गुडघ्याशी तुलनाही केली नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

बोर्डाच्या आदल्या दिवसांत गावात मला दोन प्रकारचे सल्ले मिळाले होते. एक म्हणाला, जरा जास्त लंगड, पुढे पेन्शनला उपयोग होईल. दुसरा म्हणाला, दुखतंय ते सांगूच नको, शेप-वन करून घे. माझा कल दुसऱ्याकडे होता. कमांड हॉस्पिटलच्या व्हरांड्यात नाव पुकारायच्या आधी तुम्ही खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "लंगडूही नको, लपवूही नको. जिना उतरताना दुखतं ना, तेवढंच सांग."

तेवढंच सांगितलं. डॉक्टरसाहेबांनी गुडघा वाकवून नडगी पुढे ओढून बघितली. उकिडवं बसायला लावलं. मग टेप घेऊन गुडघ्याच्या वाटीच्या वर अंतर मोजून खूण केली आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. उजवी मांडी डावीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक. मी रोज ती मांडी बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. दुखणं लपवून पास झालो असतो, तर हीच बारीक मांडी घेऊन पाठीवर वजन लादून पळालो असतो आणि गुडघा पुन्हा गेला असता.

निकाल तोच आला. ए-३, अजून २४ आठवडे. परतीच्या गाडीत मी साताऱ्यापर्यंत बोललो नाही. तुम्ही पिशवीतून टॉवेल काढलात, त्याची गुंडाळी केलीत आणि बर्थवरच माझ्या गुडघ्याखाली ठेवलीत. "दाब. दहापर्यंत मोज. सोड." कराड येईपर्यंत माझ्याकडून करून घेतलंत. शेजारची माणसं बघत होती, तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तो टॉवेल मी परत दिलेला नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तोच वापरतो.

त्यानंतरच्या बोर्डाला मी एकटा गेलो. मांडीतला फरक एक सेंटिमीटरवर आला होता. ए-२ मिळाला. शेप-वन अजून नाही, आणि होईल की नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. पण आता व्हरांड्यात बसताना मान खाली जात नाही. मागच्या खेपेला माझ्या शेजारी एक नवा पोरगा बसला होता, हातात सुटे कागद. त्याला पंचिंगचं दुकान कुठे आहे ते दाखवलं आणि प्रोसिडिंग वर ठेवायला सांगितलं. दोऱ्याची गाठ मी मारून दिली.

आईने तुमच्यासाठी यंदाच्या गुळाची एक ढेप बाजूला काढून ठेवलीय. नाही म्हणू नका, ती ऐकणार नाही. पुढची तारीख मार्गशीर्षात आहे, फाइल तयार आहे. रात्रीच्या महालक्ष्मीने जाईन. स्टेशनला जाताना ढेप घेऊन तुमच्या दारावरून जातो.

तुमचा,
दोन गल्ल्या पलीकडचा टीएवाला