नाताळातली मुलांची कामं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर उजाडला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत नाताळ म्हणजे लाल टोपी, केकची दुकानं आणि मॉलमधलं झाड. जुन्या ठाण्यातल्या मोठ्या ख्रिस्ती कुटुंबांविषयी कुणी लिहिलंच, तर ठरलेलं वाक्य येतं : घरात आठ-दहा भावंडं, ना चिंता, ना काम, नुसता हुंदडण्याचा काळ. यातलं निम्मंच खरं. चिंता नव्हती, पण काम चिक्कार होतं, आणि नाताळच्या सुट्टीची गंमत बरीचशी त्या कामातच होती.

तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या आसपासची ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळ ख्रिस्ती समाजाची, घरं मराठी बोलणारी. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव १८८७चं, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातलं; माणसं मात्र त्याच्या किती तरी आधीपासूनची इथलीच. या घरांत कामं वयावर ठरत. मोठ्या मुलांनी बांबू तासायचा, मधल्यांनी कागद चिकटवायचा, धाकट्यांनी कुलकुल, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या गोड गुंडाळ्या, वळायचे.

चांदणीचंच घ्या. हल्ली पुठ्ठ्याची घडीची चांदणी विकत मिळते आणि पुढच्या वर्षी तिच्या घड्या फाटलेल्या असतात. कामट्यांची चांदणी दोन फुटांची करायची तर दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या लागतात. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन सारख्या चौकटी बांधायच्या. कामट्या एकीवरून एक नुसत्या ठेवून चालत नाही, खालीवर गुंफाव्या लागतात. नाही तर चौकट एका बाजूला कलते आणि कितीही दोरा गुंडाळला तरी सरळ होत नाही. मग दोन्ही चौकटी एकमेकींवर ठेवून पाची टोकं घट्ट बांधायची आणि आतल्या पाच छेदांवर पाच-पाच इंचांच्या काड्या उभ्या अडकवायच्या. त्या क्षणी सपाट चौकट फुगते आणि चांदणी होते. कामटी जाड राहिली असेल तर ती इथेच, टोकापाशी, तडकते. म्हणून तासताना घाई करायची नाही.

कागद पतंगाचा. संक्रांतीचे ताव याच सुमारास बाजारात आलेले असतात. एक वाटी मैदा आणि चार वाट्या पाणी शिजवून खळ करायची. पातळ झाली तर कागद भिजून सुरकुततो. पुढची-मागची बाजू सगळे झाकतात, विसरतात ती टोकांच्या कडांच्या दहा अरुंद पट्ट्या. त्या वेगळ्या रंगाच्या लावल्या तर दिवा लागल्यावर चांदणी उठून दिसते. खालची एक पट्टी उघडीच ठेवायची, तिथून दिवा आत जातो. पूर्वी १५ वॉटचा बल्ब लावत, ४०चा लावला की कागद करपायचा. एलईडीने ती भीती संपवली, हे मान्य करायला हवं. खळीला झुरळं लागू नयेत म्हणून बुकबाइंडर मोरचूद घालतात. तो विषारी, मुलांच्या हातात देऊ नये.

कुलकुल हे धाकट्यांचं राज्य. अर्धा किलो मैदा, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, एक अंडं, तीन चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं नारळाचं दूध. पीठ तासभर ओल्या फडक्याखाली. गोळी हरभऱ्याहून मोठी, बोराहून लहान. ती नव्या कोऱ्या फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर अंगठ्याने पातळ दाबायची आणि गुंडाळी करून सोडवायची. शेवटची कड ओल्या बोटाने दाबली नाही तर तेलात कुलकुल उलगडतो. मोहन जास्त झालं तर विरघळतो. तेल फार तापलं तर वरून लाल, आत कच्चा. पाक दोन तारी हवा; एक तारी राहिला तर सगळे एकमेकांना चिकटून ढेकूळ होतं. डब्यात भरायचे ते पूर्ण गार झाल्यावरच, नाही तर आतल्या वाफेने दुसऱ्या दिवशी मऊ. चार-पाच मुलं बसली तर अर्धा किलो दोन तासांत उरकतं. एकट्या बाईला अख्खी दुपार लागते, म्हणून हल्ली कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, दुकानातून येतं.

पेराड, म्हणजे पेरूची वडी, मात्र मोठ्यांनीच घोटावी, गर उडून हात भाजतो. पेरू पिकलेले पण घट्ट हवेत. अति पिकलेल्यांची वडी धरत नाही.

संध्याकाळी सगळ्यांचे हात धुऊन जपमाळ. दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे भाग, पाच आणि भावंडं नऊ, म्हणजे पाळी लावणं आलंच. वीसेक मिनिटांत आटोपे, बारक्याला डुलकी लागली नाही तर.

आता गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा. गव्हाणीत आगमनकाळापासून, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, मुलांनी रोज काही सोडलं, कुणाला मदत केली की पेंढ्याची एकेक काडी टाकायची. येशूबाळाचं अंथरूण तेवढंच मऊ होणार. येशूबाळ २४ तारखेच्या मध्यरात्री ठेवायचा, तीन राजे आधी लांब ठेवून रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला गोठ्यापाशी आणायचे. गोठ्यापुढची हिरवळ प्लास्टिकची नको, गव्हाची. गहू रात्रभर भिजवून पसरट ताटलीत बोटभर मातीवर दाट पेरायचे आणि मोड वर येईपर्यंत अंधारात ठेवायचे. नंतर उजेड, पण रोज ताटली फिरवून, नाही तर सगळी पाती खिडकीकडे झुकतात. तळाशी पाणी साचलं तर बुरशी येते. लवकर पेरले तर नाताळपर्यंत पिवळे पडून लवतात, उशिरा पेरले तर नुसते कोंब दिसतात.

तेव्हा एक विनंती. केकच्या दुकानांची यादी दरवर्षी छापता, एखाद्या वर्षी ही कामंही छापा. आणि हे पत्र घ्यायचं असेल तर १४ तारखेच्या आत घ्या, कारण गहू २० तारखेला पेरून उपयोग नाही.

आपला,
एक वाचक, ठाणे (प.)