भावोजी, कॅमेऱ्यांचं काम मार्गी लावलंत!

प्रिय भावोजी,
स. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो वहिनी, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात सासूबाई दिवसभर एकट्याच असतात. कॅमेरे बसवणारा तारा ओढून, पैसे घेऊन गेला आणि आमच्या मागे फोनची कटकट लागली. कडुनिंबाची फांदी हलली, आली सूचना. मांजर गेलं, आली सूचना. शेवटी सगळ्यांनी आवाजच बंद करून टाकले.

तुम्ही जुन्या संगणकावर फ्रिगेट हे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं आणि चित्रातला माणूस ओळखणारं सॉफ्टवेअर टाकलंत, पण त्याआधी सासूबाईंना विचारलंत, "काकू, तुम्हाला नक्की काय कळायला हवंय?" त्या म्हणाल्या, "दारात माणूस आलं, तर." पुढची सगळी मांडणी त्याच उत्तरावर झाली. कॅमेऱ्याची मोठी स्ट्रीम (स्पष्ट, जड चित्रण) रेकॉर्डिंगला आणि लहान स्ट्रीम (हलकं चित्रण) माणूस ओळखायला, तीही सेकंदाला 5 चित्रांची. त्यामुळे तो म्हातारा संगणक निभावून नेतोय. डिस्कचा हिशेब तुम्ही वाण्याच्या बिलामागे मांडलात: सेकंदाला 4 मेगाबिट पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण 43 जीबी खातो, म्हणजे तीन कॅमेऱ्यांना 2 टीबी जेमतेम पंधरवडा पुरणार.

अंगणातला कॅमेरा काही केल्या जोडला जात नव्हता. तुम्ही फ्रिगेटमध्ये लिहिलेला त्या कॅमेऱ्याचा पत्ता वाचलात आणि हसलात. पासवर्डमध्ये @ होता, आणि त्या पत्त्यात @ च्या पुढे कॅमेऱ्याचा आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, सुरू होतो. पासवर्डातल्या @ च्या जागी %40 लिहिलंत, चित्र आलं! राउटरमध्ये तिन्ही कॅमेऱ्यांचे आयपीही कायमचे बांधून दिलेत.

पण मला सगळ्यात भावलं ते खिडकीचं. आमची गल्ली ती केवढी, समोरच्यांचं स्वयंपाकघर थेट कॅमेऱ्यात. मी म्हटलं, तिथे फ्रिगेटचा मोशन मास्क लावला की झालं. तुम्ही थांबवलंत. त्या मास्कने तिथली हालचाल मोजली जात नाही, एवढंच. रेकॉर्डिंग चालूच राहतं. मग कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये जाऊन खिडकीवर काळा चौकोन टाकलात, आणि समोरच्या ताईंना बोलावून संगणकाच्या पडद्यावर ते दाखवलंत. हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या कपाळावरची आठी तेव्हा कुठे गेली.

आता फोन वाजला की सासूबाई स्वतः बघतात आणि कोण आलंय ते आम्हाला सांगतात.

एकच विनंती. ओळखायच्या वस्तूंच्या यादीत पतंगही आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. तो तेवढा चालू करू नका, 14 जानेवारीला बडोद्यात आमचा फोन जळेल! त्या दिवशी गच्चीवर मात्र सहकुटुंब या. उंधियू आमच्याकडे.

आपली,
खालच्या मजल्यावरची वहिनी